डॉक्टरकीपुरतं गणित

निजामाच्या अमलात साऱ्या बीड जिल्ह्यात गाजराकडे माझ्या मित्राइतक्या आदराने पाहणारा दुसरा माणूस झाला नसेल. औरंगाबादच्या कॉलेजात आम्ही एका खोलीत राहत होतो. तो युसूफ वडगाव या गावच्या पाटलांचा एकुलता एक मुलगा. त्याने हैदराबादेला जाऊन डॉक्टर व्हायचं, असं त्याच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, ठरवून टाकलं होतं. डॉक्टरकीला प्रवेश हवा तर आधी कॉलेजात थोडं गणित झालेलं असावं, असा नियम होता. माझ्या मित्राने त्या नियमातलं 'गणित' मनापासून घेतलं आणि 'थोडं' तेवढं सोडून दिलं. खानावळीत पोळी ताटात पडली की आधी तिच्या कडेवरून बोट फिरवायचा आणि "गोल न्हाई," असा निकाल द्यायचा. आचारी एकदा वैतागून म्हणाला, "मग चौकोनी करू का?" यावर त्याने खरोखर विचार केला आणि विचारलं, "नीट जमंल का तुला?"

सुट्टीत मी त्याच्याबरोबर वडगावला जायचो. तिथे विहिरीवर मोट चालू असली की हा समोर उकिडवा बसायचा. मोटेतून पाणी वळण घेत खाली कोसळायचं आणि हा एकटक त्या वळणाकडे बघत राहायचा. मोट हाकणारा गडी म्हणाला, "मालक, का बसलाव असं?" हा म्हणाला, "पान्याची वाट बगतोय." समोर पाणी धो धो पडत असताना पाण्याची वाट बघणारा मालक! गड्याने घरी जाऊन काय सांगितलं असेल ते सांगायला नको. पण त्याचं खरं प्रेम होतं शंकूच्या छेदांवर. आमचं शिक्षण उर्दूतलं, त्यामुळे पुस्तकात त्यांना 'मखरूती तराश', म्हणजे शंकूचे काप, म्हणत. शंकू आडवा कापला की वर्तुळ, तिरपा कापला की लंबवर्तुळ. थंडीच्या सुट्टीत त्याने चुलतीपुढची गाजरांची पाटीच ओढून घेतली आणि एकेक गाजर वेगवेगळ्या तिरपेपणाने कापून ओळीने मांडलं. "अरं, भाजी करायची हाय, रांगोळी न्हाई," चुलती ओरडली. ते ऐकून आबा ओसरीवरून आत आले. "काय शिकतुयास रं ह्ये?"

"तराश," हा मान वर न करता म्हणाला.

आबा गाजराच्या पातळ चकत्यांकडे बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी चावडीवर त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की पोराला कॉलेजात चिरफाड शिकवायला लागले, आन् हात लई साफ हाय. मित्राने तो गैरसमज दूर केला नाही. आई गेल्यापासून आबांना इतकं खूश त्याने पाहिलंच नव्हतं. खरा घोटाळा मला एकट्याला ठाऊक होता. दुसऱ्या सालाला जीवशास्त्र घेतल्याशिवाय डॉक्टरकीचं दार उघडत नव्हतं, आणि याने जीवशास्त्राच्या जागी पुन्हा गणितच घ्यायचा बेत केला होता.

उन्हाळ्यात शाळाखात्याचे एक साहेब दौऱ्यावर आले आणि पाटलांकडे उतरले. जेवणं झाल्यावर आबांनी मुलाच्या तराशीची तारीफ सुरू केली. साहेब हसले. "पाटीलसाब, ते तर गणित आहे. डॉक्टर व्हायला एवढं गणित कुणी मागत नाही. मुलगा जीवशास्त्र घेणार ना पुढं?"

आबांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने जमिनीकडे पाहिलं. मला वाटलं, आता वीज कोसळणार. पण आबांनी पानाचा डबा साहेबांपुढे सरकवला आणि विषय पावसापाण्यावर नेला.

साहेब गेल्यावर ते मुलापाशी येऊन बसले. "गणित वंगाळ न्हाई. तुला गोड लागतंय, ते मला दिसतंय," ते म्हणाले. "पर तुझ्या आईला मोमिनाबादच्या दवाखान्यात नेताना गाडी अर्ध्या वाटंतनं माघारी फिरवली म्या. पुढं न्यायला कायी उरलंच नव्हतं. तवापासनं माझ्या डोक्यात डाक्टरच हाय. आता तू बग." एवढं बोलून ते गोठ्याकडे गेले.

कॉलेजला परतताना बैलगाडीत मित्राने एकदम विचारलं, "जीवशास्त्राला बेडूक आपणच आणायचे असतात का बे?"

तो डॉक्टर झाला, आणि चांगला झाला. धारूरच्या सरकारी दवाखान्यात त्याची नेमणूक झाली, तेव्हा मी बीडला वकिली करत होतो. कामानिमित्त धारूरला गेलो की त्याच्याकडेच मुक्काम असायचा. रोग्यांवर तो ओरडायचा, औषधाला आलेल्या म्हाताऱ्यांना उगीच दटावायचा, आणि मग आपल्याच घरून त्यांना ताक पाठवायचा. एका दुपारी गेलो, तर तो दवाखान्यामागच्या फरशीवर खडूने कसलंसं समीकरण मांडत बसला होता. सकाळी तापाने एक पोर दगावलं होतं, असं कंपाउंडरने मला दारातच सांगितलं. मी शेजारी टेकलो.

"अजून सुटलं न्हाई व्हय तुझं हे?" मी विचारलं.

"हितं कुणी मरत न्हाई बे," तो म्हणाला आणि पुढची ओळ लिहू लागला.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी तो समजावत गेला आणि मी मान हलवत राहिलो. तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. कंपाउंडरने हाक मारायच्या आत तो उठला, खडूचे हात धोतराला पुसले आणि आत गेला. मी ऊन उतरेपर्यंत फरशीपाशी बसून होतो. त्याच्या अर्ध्या राहिलेल्या ओळीवर कुणाचा पाय पडू नये, एवढंच मला त्या वेळी करता येण्यासारखं होतं.