दौलतची बाजू

विसर्जनाला सहा दिवस होऊन गेले होते, तरी गल्लीतल्या गटाराच्या कडेने गुलाल तसाच होता. मांडवाचे बांबू सोडून भिंतीला टेकवून ठेवले होते. दहा दिवस जिथे पाय ठेवायला जागा नव्हती, तिथे भर दुपारी एक मांजर रस्त्याच्या मधोमध बसून अंग चाटत होतं आणि त्याला उठवायला कुणी येत नव्हतं. गणपती गेले की लालबागला अशी ओहोटी लागते, आणि त्याच ओहोटीत पितृपक्ष येतो.

या पंधरवड्यात आनंदा घाडी नवं काम घेत नसे. गिरणीत जॉबर असलेल्या त्याच्या बापाने या दिवसांत नवा सदरासुद्धा कधी अंगाला लावला नव्हता. आनंदाने तेवढं पाळलं होतं. हे काम मात्र त्याने घेतलं.

"गाडी जुनी, सामान जुनं, मी जुना," तो बायकोला म्हणाला. "ह्यात नवं काय आहे?"

"तुमचं बोलणं नवं आहे," मालन म्हणाली आणि डबा त्याच्या हातात दिला.

गाडी म्हणजे दुधी रंगाची फियाट, ठाकूरद्वारच्या सामंतांची. सामंत शिमग्यात गेले. आता त्यांची मुलगी अक्षदा ती चालवते. मलबार हिलवरच्या एका शाळेत ती शिकवते आणि परतताना बाबुलनाथच्या बाजूने उतरते, तेव्हा वर्गातल्या दोन मुली मागच्या सीटवर असतात. गेल्या महिन्यात त्या उतारावर तिने ब्रेक दाबला आणि पेडल सरळ पायाखालच्या फळीला जाऊन टेकलं. शेवटी पुढच्या टेम्पोच्या बंपरने गाडी थांबवली. कुणाला खरचटलंही नाही. हे सांगताना ती हसत होती, पण चावी तिने दोन्ही हातांनी दिली, जड वस्तू द्यावी तशी.

"गाडी विकायची नाहीये, काका. पण परत तसं झालं तर त्या मुलींच्या आयांना मी काय सांगू? सोमवारी शाळा आहे."

"शनिवारी घेऊन जा," आनंदा म्हणाला.

ब्रेकच्या चाळीस वर्षं झिजलेल्या ड्रमला पुन्हा लायनर लावण्यात अर्थ नव्हता. पुढच्या दोन चाकांचे ड्रम उतरवून तिथे मारुतीच्या डिस्क बसवायच्या, असं त्याने ठरवलं. काळ्यापिवळ्या फियाट रस्त्यावर होत्या तेव्हा, आणि त्या गेल्यावर हौशी लोकांच्या गाड्यांना, हे काम त्याच्या गॅरेजने वीस-पंचवीस वेळा केलं होतं. कुर्ल्याच्या भंगारातून त्याने डिस्क आणि त्यांना चिमट्यासारखे पकडणारे कॅलिपर एकाच गोणीतून आणले. एका गाडीचं अंग दुसरीला आपसूक बसत नाही, मध्ये लोखंडी पट्टी लागते. ती शेजारच्या लेथवाल्याने कापून दिली.

फक्त हे काम आनंदाने एकट्याने कधी केलं नव्हतं.

दौलत गमरे आणि तो एकाच वर्षी या गॅरेजला लागले. गिरण्यांच्या संपानंतरचं वर्ष होतं ते. दोघांचे बाप घरी बसलेले, दोघांना पाना कसा धरतात हे ठाऊक नाही. मालक गेल्यावर दोघांनी मिळून शेड चालवली. ड्रायव्हरची बाजू आनंदाची, डावी बाजू दौलतची. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण चाळीस वर्षांत शेवटची हवा काढण्यापलीकडे आनंदाने फियाटच्या डाव्या चाकाला क्वचितच हात लावला असेल.

काम संपलं की ब्रेकची हवा काढायची. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल स्पंजासारखं दबत जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकापाशी कॅलिपरवरचं तोटीसारखं निपल सैल करून हवा बाहेर सोडायची, निपल आवळायचं, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. सीटवर नेहमी दौलत. आनंदा आडवा होऊन हाका द्यायचा: दाब, धर, सोड. दौलत तोंडाने उत्तर देत नसे. बोटाच्या पेराने स्टिअरिंगवर वाजवायचा. एकदा वाजलं तर ठीक. दोनदा वाजलं तर अजून हवा आहे.

"पाय आहे का डॉक्टरचा हात रे तुझा?" आनंदा विचारायचा.

"डॉक्टर असतो तर तुझ्या बाजूला कशाला बसलो असतो?"

दोन वर्षांपूर्वी दौलत झोपेतच गेला. श्राद्ध-पिंड त्याच्या घरी होत नसे, आणि तो स्वतः त्या बाबतीत पक्का. दर पितृपक्षात आनंदाला डिवचायचा. "मी गेल्यावर माझ्यासाठी कुठल्या कावळ्याला तसदी देऊ नकोस. आमच्यात गेला तो गेला. येणं-जाणं तुमच्याकडे."

तेव्हापासून पेडलवर बसायला आनंदा चहावाल्या राकेशला हाक मारायचा. त्या शनिवारी राकेशची टपरी बंद होती.

तीनचा सुमार. एकट्याने हवा काढायची एक जुगाडी रीत असते: पेडल दाबायचं, सीट आणि पेडलच्या मध्ये दांडका अडकवायचा आणि चाकाकडे यायचं. दांडका शेडच्या कोपऱ्यात झाडूमागे होता. आधी नळी लावून घेऊ, म्हणून आनंदा डाव्या चाकापाशी आडवा झाला. नळीचं एक टोक निपलला, दुसरं बाटलीतल्या तेलात. पाना लावला आणि सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "दाब."

पेडलची स्प्रिंग करकरली.

"धर." पाना फिरला. बाटलीत दोन बुडबुडे आले. पाना आवळला. "सोड." स्प्रिंग वर आली.

पुन्हा. दाब, धर, सोड. पुन्हा. हात आपल्या चालीने चालले होते आणि आनंदाचं मन घरच्या डब्यात होतं. चौथ्या खेपेला स्टिअरिंगवर दोनदा वाजलं.

टक टक.

"आहे होय अजून," तो म्हणाला आणि पाना पुन्हा निपलला लावला.

भीती कामाच्या मागून आली. आधी हात थांबला, मग मानेवरचा घाम गार झाला, आणि मग आपण कुणाला बोललो ते त्याला कळलं. तो तसाच पडून राहिला. गाडीखालून रस्ता दिसत होता. मांजराने चाटणं सोडलं होतं. मान वर करून ते गाडीच्या काचेकडे बघत होतं, ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं.

आनंदा उठला. सीट रिकामी. काचा वर. दांडका झाडूमागे, होता तिथेच. फक्त पेडल अर्ध्यावर खाली होतं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते सावकाश वर आलं.

"दौलत, मस्करी नको," तो हलक्या आवाजात म्हणाला. म्हटल्यावर त्याला लाज वाटली. आयुष्यभर भुतांना हसलेल्या माणसावर तो भूत झाल्याचा आळ घेत होता.

त्याने दार उघडलं, स्वतः सीटवर बसला आणि पेडल दाबलं. पहिल्या दाबाला पाय मऊ, खोल गेला. दुसऱ्या पायाला ब्रेक धरला. पुन्हा करून पाहिलं. तसंच.

"चालतं," तो रिकाम्या शेडला म्हणाला. जुन्या गाडीला एवढं चालतं. ब्रेक दोनदा मारायची सवय असलेले किती टॅक्सीवाले त्याने पाहिले होते.

त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर स्थिर होते. तरी दोन ठोके त्याला तळव्यात जाणवले, आतून, दांड्यातून चढत आल्यासारखे.

पाचपर्यंत तो बाहेर पायरीवर बसून राहिला. डबा उघडला नाही.

अक्षदा आली ती थेट गाडीत बसली. पेडल दाबलं, पुन्हा दाबलं. "काका, पहिल्यांदा खाली जातंय. दुसऱ्यांदा धरतंय."

"जुन्या गाडीला तेवढं..." आनंदाने सुरुवात केली. "तुझे बाबासुद्धा दोनदाच मारायचे."

"हो ना," ती म्हणाली. ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती. तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट दुमडलं आणि पेराने स्टिअरिंगवर वाजलं. टक टक.

"हे काय केलंस?"

"काय?"

"बोटाने. आत्ता."

"कुठे काय?" तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, मग आनंदाकडे. "तुम्हाला बरं नाहीये का?"

आनंदाला उतार दिसला. मागच्या सीटवर दोन मुली, मांडीवर दप्तरं, आणि पहिला पाय फुकट जाणारी गाडी. दुसऱ्या पायाला अवकाश मिळाला तर ठीक. गेल्या महिन्यात पुढे टेम्पो होता.

"उतर, बाय. गाडी देत नाही."

"काका, आज देतो म्हणालात ना?"

"म्हणालो. पण कुठेतरी चुकलंय. शोधतो. थांबायचं तर थांब."

त्याने जॅक लावला आणि आधी डावं चाक काढलं. चाळीस वर्षं जी बाजू त्याने नजरेखालून फक्त घातली होती, तिच्यापुढे तो उकिडवा बसला आणि कॅलिपर अंगभर न्याहाळला. मग उजवं चाक काढलं. मग तो मटकन जमिनीवर बसला.

"काय झालं?"

"निपल खाली आलंय. दोन्हीकडे." त्याने बोट दाखवलं. "हवा वर चढते, बाय. निपल वर पाहिजे. मी डावा कॅलिपर उजव्या चाकाला लावलाय नि उजवा डाव्याला. पट्टीला दोन्ही बसतात, म्हणून कळलं नाही."

"मग कितीही हवा काढली असती तरी..."

"वरची वरच राहिली असती."

पहिल्या महिन्यात शिकाऊ माणूस करतो ती चूक. दोघं असताना ती होणंच शक्य नव्हतं. गोणी ओतली की दौलत आपल्या बाजूचं उचलायचा आणि दुसरं पायाने आनंदाकडे सरकवायचा. "हे तुझं." डावं कुठलं नि उजवं कुठलं, हे आनंदाला इतक्या वर्षांत कधी बघावंच लागलं नव्हतं.

अदलाबदलीला दीड तास गेला. हवा काढायला अक्षदा सीटवर बसली. तो हाका देत होता, ती प्रत्येक हाकेला "हो काका" म्हणत होती. बाटलीत द्राक्षाएवढे बुडबुडे आले, मग बारीक, मग नुसतं तेल. दर खेपेला आनंदाचा कान स्टिअरिंगकडे होता. तिथे काही वाजलं नाही.

"आता पहिल्याच पायाला धरतंय," ती म्हणाली. "दगडासारखं."

गाडी तपासायला न्यायची तर नेहमी आनंदा चालवायचा आणि दौलत डाव्या सीटवर डोळे मिटून बसायचा. आज आनंदाने चावी अक्षदाला दिली आणि स्वतः डावीकडे बसला. सीट त्याला मागे सरकवलेली वाटली. दौलत त्याच्याहून वीतभर उंच होता.

दिवे लागले होते. लालबागच्या पुलावरून गाडी उताराला लागली, खाली सिग्नल लाल होता.

"दाब," आनंदा म्हणाला.

गाडी थांबली. पहिल्या पायाला, सरळ, कुठल्याही बाजूला न ओढता. अक्षदाने सोडलेला श्वास त्याला ऐकू आला.

आणि डॅशबोर्डवर वाजलं. एकदाच.

आनंदाने खाली पाहिलं. हात त्याचाच होता. मधलं बोट दुमडून पत्र्यावर टेकलेलं, आणि ते त्याने टेकवलेलं नव्हतं. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न आला. त्याने बोट सरळ करायचा प्रयत्न केला. ते लगेच सरळ होईना.

"काका?" अक्षदाचा पाय अजून पेडलवरच होता.

"सोड," आनंदा म्हणाला.

बोट सावकाश सुटलं. गाडी पुढे निघाली.