मायनं ढकललेली जीप

माझी माय मला आयुष्यभर कामचुकार समजत होती. मी फौजेतून मेजर जनरल म्हणून निवृत्त झालो, पहाडात बर्फ तुडवला, दोन लढाया पाहिल्या, हे सगळं खरं. पण पारशिवनीजवळच्या आमच्या गावात कोणी विचारलं की ती एकच उत्तर द्यायची, "पोरगा मिलटरीत हाय. बसून खाते."

तिचंही चुकत नव्हतं. बाप गेला तेव्हा मी शाळेत होतो. शेत तिनं एकटीनं ओढलं आणि मला नागपूरला शिकायला धाडलं. तिच्या लेखी काम म्हणजे अंगाला घाम आणि हाताला घट्टा. बाकी सगळ्या बाता.

नवा लेफ्टनंट होऊन मी पहिल्यांदा सुट्टीवर आलो, तेव्हा ती बऱ्यापैकी खूश होती. "मी जवानांबरोबर खंदक खणतो," असं सांगितल्यावर तिनं माझे तळवे उलटसुलट करून पाहिले आणि जेवताना एक भाकर जास्त वाढली. तिथून पुढे मात्र माझी घसरणच सुरू झाली. कॅप्टन झालो तशी कुदळ सुटली. मेजर झालो तसं स्वतःचं सामान उचलणं सुटलं. पुढे काखेत छडी आली. बढतीचा पेढा तिच्या हातावर ठेवला की ती विचारायची, "म्हंजे आता आणखी कमी काम का गा?"

एकाहत्तरच्या लढाईनंतर तर कमालच झाली. माझ्या हाताखाली अख्खी ब्रिगेड होती, आम्ही जिंकलो होतो, वर्तमानपत्रांत नकाशे छापून येत होते. मी ओसरीवर बसून तिला रंगवून सांगत होतो. तिनं शेंगा फोडता फोडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते समदं ठीक हाय. पण तुनं सोता काय केलं?"

"मी हुकूम दिले माय. कोणी कुठून जायचं, कधी जायचं, ते सांगितलं."

"सांगाचं काम तं आपला कोतवालही करते."

गावात दवंडी देणारा कोतवाल! मी हसलो खरा, पण लागलं. हजारो माणसांचे जीव तुमच्या एका शब्दावर टांगलेले असतात, त्या रात्री झोप लागत नाही, दुसऱ्या दिवशी जे परत येत नाहीत त्यांची तोंडं पुढे वर्षानुवर्षं समोर येतात. हे ओझं तिला दाखवणार कसं? त्याचा घट्टा कुठे उमटतो? शत्रूच्या तोफेपुढे मी कधी डगमगलो नाही, पण तिच्यापुढे हमखास डगमगायचो. आणि मनापासून सांगतो, मला दुसऱ्या कोणाच्या शाबासकीची फारशी भूक नव्हती. तिनं एकदा म्हणावं, की माझ्या पोरानं काम केलं. एवढंच हवं होतं.

माझ्या एकाही समारंभाला ती आली नाही. कधी पेरणी, कधी कापूस वेचणी, कधी म्हैस व्यालेली. शेवटची बदली नागपुरात झाली तेव्हाही ती येण्यातली नव्हती. पण निवृत्तीच्या थोडं आधी तिच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. धंतोलीत ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी वाकायला, जोर लावायला सक्त मनाई केली, म्हणून ती आमच्या बंगल्यावर राहिली. फौजेत मला जे जमलं नाही ते एका मोतीबिंदूनं केलं.

शेवटचा दिवस उजाडला. थंडीचे दिवस होते. आमच्याकडे एक जुना रिवाज आहे. साहेब निवृत्त होऊन निघाला की त्याला सजवलेल्या उघड्या जीपमध्ये उभं करतात, जीपचं इंजिन बंद ठेवतात, पुढे दोर बांधतात, आणि त्याच्या हाताखालचे अधिकारी स्वतः तो दोर ओढत त्याला फाटकापर्यंत नेतात. यापेक्षा मोठा मान आमच्यात नाही. मीही तरुणपणी असे कितीतरी साहेब ओढले होते, आणि मनात म्हटलं होतं, कधीतरी आपणही.

आमच्या बंगल्यापुढे उभ्या जीपला झेंडूच्या माळा होत्या. बँड वाजू लागला. कर्नलपासून अगदी कोवळ्या कॅप्टनपर्यंत सगळ्यांनी दोर धरला. पुढच्या जोडीतल्या सरदार मेजरानं तर हौसेनं तो खांद्यावरच घेतला. जीप हलली. मी ताठ उभा राहून दोन्ही बाजूंच्या सलाम्या घेत होतो. अभिमानानं छाती भरून आली होती, खोटं कशाला बोलू?

जरा पुढे गेलो आणि लक्षात आलं की रांगेतले लोक माझ्याकडे बघतच नाहीयेत. सगळे माझ्या मागे बघताहेत. काही जवान ओठ चावून हसू दाबताहेत. व्हरांड्यात माझी बायको दोन्ही हातांनी मला काहीतरी खुणावतेय. अशा वेळी जनरलनं मागे वळून बघायचं नसतं. मी बघितलं.

माझी माय जीप ढकलत होती.

लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला, डोळ्यांवर नवा जाड चष्मा, दोन्ही तळवे जीपला टेकवलेले आणि पाय रोवून जोर लावणं चाललेलं. काळ्या मातीत रुतलेली बैलबंडी काढतात, अगदी तसं.

"माय! काय करून राहिली तू?" मी फौजी आवाजात ओरडलो. बँड थांबला.

"गाडी बंद पडली ना गा तुही! ढकलून राहिली मी." तिनं मान वर केली आणि मला जीपमध्ये उभा पाहून तिचा पारा चढला. "अन् तू वरतं उभा? हे लेकरं ओढून राहिले अन् तुले लाज नाही वाटत? पाय मोडले का तुहे? उतर खाली!"

मी उतरलो. भल्याभल्यांना जागच्या जागी उभं करणारा मी, ताडकन उतरलो. आता कोणालाच हसू आवरेना, आणि मलाही आवरेना. मी तिचा हात धरून समजावलं. गाडी बंद पडली नाही, यांनी मुद्दाम बंद ठेवली. कोणी हुकूम दिला नाही. साहेब निघाला की पोरं आपल्या मनानं ओढतात. हा मान आहे.

"समद्याच सायबाले ओढते का?"

मी सरदार मेजराकडे पाहिलं. त्याला आमची बोली थोडीफार कळत होती. तो हात जोडून हिंदीत म्हणाला, "नहीं माँजी. रस्सी तो सबके लिए बाँधते हैं. दिल से इन्हीं को खींचा है."

मायनं त्याचा हात उलटा करून तळवा पाहिला. दोरानं लाल झाला होता. मग माझ्या बायकोला हाक मारून म्हणाली, "सूनबाई, वाटीत लोणी आन वं. अन् हळद."

बायकोला काही उमगलं नाही, पण मला कळलं आणि मी चपापलो. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी करतात. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-लोणी चोळायचं आणि बैलांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण द्यायचं. पोळा कुठे, हे थंडीचे दिवस कुठे! पण तिला अडवणार कोण?

हिरवळीवर चहासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. तिनं सगळ्या अधिकाऱ्यांना ओळीनं बसवलं. सरदार मेजरानं पहिल्यांदा कॉलरचं बटण सोडलं, मग बाकीच्यांनीही. कोणी पंजाबचा, कोणी केरळचा, कोणी बंगालचा. एकेकाच्या खांद्यावर हात फिरवत ती म्हणत गेली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." इस्त्रीच्या कॉलरी पिवळ्या झाल्या, पण एकाही पठ्ठ्यानं हूं की चूं केलं नाही. मी बाजूला उभा राहून अर्थ सांगत होतो. उद्या गावी रोडगे, वरण, वांग्याची भाजी.

ओळ संपली. वाटीत थोडं उरलं होतं. ती माझ्याकडे वळली.

"तू काहून उभा? बस ना."

"मी तं वरतं उभा होतो माय. ओढलं यांनी."

"येवढे जवान पोरं उगाच नाही ओढत कोणाले," ती म्हणाली. "आधी तुनं ओढलं असन यायच्यासाठी. मले दिसलं नाही, तं काय झालं? बस."

मी त्या कोवळ्या कॅप्टनच्या शेजारी, ओळीच्या अगदी टोकाला बसलो. कॉलर सोडली. तिचा खरखरीत हात मानेवरून खांद्यावर आला आणि दाबून दाबून चोळू लागला, आधी उजवा, मग डावा. इतक्या वर्षांत सैन्यात कोणी मला रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनी पाहिलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

"आज आवतन घे," ती म्हणाली, "उद्या जेवाले ये."

"येतो," मी म्हणालो.