बिब्ब्याच्या फुल्या

रुद्रप्पा फौजेतून कायमचा घरी आला तेव्हा सिरसाळ्यात हलगी लावून त्याची मिरवणूक काढली होती. मे महिना होता आणि हा पठ्ठ्या पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्याची गुंडीसुद्धा लावून जीपमध्ये उभा. मी खालून ओरडलो, "अबे, एक गुंडी तरी सोड!" तो हसला, पण गुंडी सोडली नाही. सोडली असती तर मानेपासून उजव्या मनगटापर्यंत गेलेलं भाजलेलं कातडं सगळ्या गावाला दिसलं असतं.

रुद्रप्पा माझा चुलतभाऊ, माझ्याच वयाचा. मी योगीराज. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे घराण्यातल्या सगळ्यांची कागदपत्रं माझ्याच गळ्यात पडतात. याचीही पडली.

भाजल्याची हकिकत त्यानं मला एकदाच सांगितली. बर्फातल्या एका चौकीवर ड्युटीवर असताना बंकरमधली रॉकेलची शेगडी फुटली. पुढची तीन वर्षं त्यानं स्टोअरमधल्या हलक्या कामावर काढली आणि नोकरीची मुदत पुरी केली. निघताना डॉक्टरांच्या बोर्डानं तपासलं, हात कसा आहे म्हणून विचारलं. या शहाण्यानं टाचा जुळवून उत्तर दिलं, "ठीक है, साहब." सतरा वर्षं तेच म्हणायची सवय! बोर्डानं अपंगत्व वीस टक्क्यांच्या खाली लिहिलं. वीसच्या खाली असलं की अपंगत्वाची पेन्शन मिळत नाही. साधी पेन्शन तेवढी चालू झाली.

घरी आल्यावर तो हात काय आहे ते कळायला लागलं. तेलगावच्या एका कापसाच्या जिनिंगवर वॉचमन म्हणून लागला, तर भाजलेल्या कातडीला घाम येत नाही, उन्हात अंग तापून दोनदा चक्कर येऊन पडला. नोकरी गेली. बोटं पुरती मिटत नाहीत, मान वळत नाही. आणि सीमेवर राहिलेला हा माणूस घरातल्या गॅसला भितो. त्याची बायको कावेरीवहिनी शेगडी पेटवायच्या आधी, "जावा ओट्यावर," म्हणून हाक देते, मग हा बाहेर जाऊन बसतो. यातलं एक अक्षर कुठल्या कागदावर नव्हतं.

मग अपिलं सुरू झाली. पहिलं फेटाळलं, दुसरंही फेटाळलं. शेवटी लष्कराच्या न्यायाधिकरणात गेलो. सगळी मिळून सहा वर्षं गेल्यावर तिथून हुकूम आला, की पुण्याच्या लष्करी दवाखान्यात नव्या बोर्डापुढं हजर राहा. आमचे वकील बंकटराव फोनवर म्हणाले, "हे शेवटचं आहे. हा बोर्ड जे लिहील ते लिहील. त्यापुढं रस्ता नाही." हाताचे तारखेसकट काढलेले फोटो आम्ही आधीच जोडले होते. आता फक्त जाऊन हात दाखवायचा होता.

बोर्डाच्या नऊ दिवस आधी मी सह्या घ्यायला त्याच्या घरी गेलो. रुद्रप्पा उघडा बसला होता आणि नीलाकाकू, म्हणजे त्याची आई, त्याच्या दंडाला तीळ-खोबरं वाटून लावत होत्या. आमच्याकडे तीळ-खोबरं कशावर लावतात ते कोणालाही कळतं.

"बिब्बा घातला?" मी विचारलं.

"खांदा लई ठणकत होता रे त्याचा," काकू म्हणाल्या. "पुण्याला एवढा परवास कसा करावा त्यानं? म्हणून घातला. उतला मेला, फोड आले."

दंडापासून खांद्यापर्यंत बिब्ब्याच्या फुल्या होत्या, काळ्याठिक्कर, आणि प्रत्येकीभोवती लालभडक फोड. जुन्या व्रणावर नव्या जखमा, त्याही बिब्ब्यात बुडवलेल्या तापल्या सुईनं ओळीत काढलेल्या. मी काकूंवर ओरडलो. सहा वर्षं मी कागद घासले आणि तुम्ही एका दुपारी वाटोळं केलं, असं काहीबाही बोललो. त्या गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून नुसत्या बसून राहिल्या. ते तोंडातून गेलं याची मला अजून लाज वाटते.

बंकटरावांना फोन केला. "फोटोत नसलेल्या जखमा दिसल्या, की मुद्दाम करून घेतल्या म्हणतील," ते म्हणाले. "मग नुसती केस जात नाही, योगीराज. फौजेला फसवायला निघाला असा शेरा पडतो. आणि गेला नाहीत, तर गैरहजर म्हणून फाइल बंद."

ते नऊ दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला माहीत. फोड सुकतात का म्हणून मी रोज सकाळी बघायला जायचो. फोड सुकले, पण काळे डाग हलेनात. रुद्रप्पा जेवताना मध्येच थांबायचा आणि विचारायचा, "योग्या, जेलात टाकत्याल का बे?" मी हसून उडवून लावायचो आणि दुकानात येऊन मोबाइलवर तेच शोधत बसायचो. गावानं एवढी मिरवणूक काढलेली. उद्या तोच गाव काय म्हणेल, ही भीती त्याला पेन्शनपेक्षा जास्त खात होती.

पुण्याला तिघं गेलो. काकूंना नको म्हटलं तरी त्या एसटीत चढून बसल्या. दवाखान्यात रुद्रप्पाला आत बोलावलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी मनात एक खोटं घोकत होतो: मलमाची ॲलर्जी, साहेब, मलमाची ॲलर्जी. अर्ध्या तासानं शिपाई बाहेर आला. "रुद्रप्पा के साथ कौन है? अंदर बुलाया है." काकू माझ्या पुढं चालत गेल्या.

आत तीन डॉक्टर होते. मधल्या खुर्चीत एक मॅडम, समोर आमचे फोटो मांडलेले. रुद्रप्पा उघड्या अंगानं ताठ उभा होता, तोंडावर रक्ताचा थेंब नाही.

"हे डाग फोटोत नाहीत," मॅडम मराठीतच म्हणाल्या. "कशाचे ते हे सांगत नाहीत. चार वेळा विचारलं."

तो सांगणारच नव्हता. आईचं नाव घ्यावं लागलं असतं ना! मी माझं खोटं बोलायला तोंड उघडलं, पण काकू आधी बोलल्या.

"म्या बिब्बा घातलाय, बाई. लेकराचा काय दोष न्हाई. धरायचं तर मला धरा."

"इतक्या फुल्या?"

"दोन घालत्यात. चटका बसला की माणूस वरडतंय, मग आपला हात थांबतोय. ह्यो वरडलाच न्हाई. मला वाटलं, बिब्बाच लागंना, म्हणून घालत गेले."

मॅडमनी हातातला फोटो खाली ठेवला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं सगळं.

"तापवलेली सुई होती. तुम्हाला समजलं नाही?" त्यांनी रुद्रप्पाला विचारलं.

"कातडं जाड झालंय, मॅडम. बाकी ठीक हाय."

"ठीक आहे म्हणू नका. बसा. तोंड तिकडं करा, डोळे मिटा. टोचलं की 'हो' म्हणायचं. चूक-बरोबर काही नाही. समजलं?"

"हां जी."

त्यांनी ट्रेमधून सुई घेतली. रुद्रप्पा डोळे घट्ट मिटून, पाठ ताठ करून बसला. एकही टोचणी सुटू नये म्हणून त्यानं श्वाससुद्धा धरून ठेवला होता. गळ्याची शीर उडताना मला दिसत होती. मॅडमनी मनगटापासून सुरुवात केली. मग कोपराखाली टोचलं, मग कोपराच्या आत. मी मनातल्या मनात ओरडत होतो, म्हण रे, हो म्हण! त्या दंडावर आल्या. सुईचं टोक आत गेलेलं मी पाहिलं. दोन ठिकाणी रक्ताचे ठिपके उमटले. काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. सुई खांद्यापर्यंत गेली, तरी खोलीत कोणी काही बोललं नाही.

मॅडम टेबलाकडं, आम्ही उभे होतो तिकडं आल्या आणि एका डॉक्टरांच्या कानाशी म्हणाल्या, "नसच गेली आहे. जुन्या कागदात हे कुठंच नाही. वीसच्या कितीतरी वर जाईल." आणि त्यांनी पेन उचललं. ज्या आकड्यासाठी सहा वर्षं झिजलो, तो डोळ्यांसमोर लिहिला जात होता, आणि आजवर वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली.

रुद्रप्पा अजून तसाच बसला होता.

"मॅडम," तो डोळे न उघडता म्हणाला, "करा की सुरू. म्या तयार हाय."