टर्निपच्या पट्टीतील पिंड

या सदरातील अनुभव मी नियमाने वाचतो आणि, क्षमा असावी, बहुतेकांवर मनातल्या मनात काट मारतो. ईश्वरावर माझी पूर्ण श्रद्धा आहे. रोजची संध्या आजवर चुकलेली नाही. परंतु श्रद्धा निराळी आणि भुताखेतांच्या गोष्टी निराळ्या, असेच मी चाळीस वर्षे संस्कृत शिकवताना विद्यार्थ्यांना सांगत आलो. म्हणूनच पुढील मजकूर लिहिण्यास मला तीन वर्षे लागली.

२०१४ पासून मी आणि माझी पत्नी सुमती मुलाकडे, न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी भागात राहत होतो. मंदार येथे विद्यार्थी म्हणून आला, इंजिनिअर झाला आणि येथलाच झाला. शनिवारी तो ग्रॅहम या शेतकरी मित्राकडे डोंगरपायथ्याशी ‘ट्रॅम्पिंग’ला, म्हणजे रानात पायी भटकायला, जातो, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

फेब्रुवारी २०१६. सुमती म्हणाली, “अहो, एकदा जा ना त्याच्याबरोबर. पोथी घेऊन किती दिवस कोपऱ्यात बसाल?”

गाडीत मंदार म्हणाला, “आप्पा, हरणांसाठी थोडं पेरायचंय. टर्निप म्हणजे आपला सलगम, आणि क्लोव्हरचं गवत. हेल्प कराल ना?”

मला केवढा आनंद झाला! स्वतः जेवण्यापूर्वी प्राणिमात्रांचा वाटा बाजूला काढणाऱ्या घरातला मी. मुलाने परदेशात एवढे तरी राखले, असे वाटले. नदीकाठी, झाडांना लागून ती पट्टी होती — आपल्या दोन बॅडमिंटन कोर्टांएवढी. मी तळहातावर पाणी घेऊन यथाविधि संकल्प सोडला — हे अन्न येथे येणाऱ्या जीवांचे — आणि पूर्वेकडे तोंड करून पहिली मूठ टाकली. ग्रॅहम टोपी काढून आदराने उभा राहिला.

पेरणी झाल्यावर त्याने झाडीतील एक लाकडी मचाण मला अभिमानाने दाखवले. “एप्रिलमध्ये डिअर इथे खायला येतील, अँड युवर बॉय विल बी अप देअर.” आणि दोन बोटांची बंदूक करून नेम धरला.

मी मंदारकडे पाहिले.

“आप्पा, इथे डिअर म्हणजे पेस्ट, उपद्रवी प्राणी. सगळं रान खाऊन टाकतात. आणि मी मांस वाया घालवत नाही.”

“जेवायला बोलावून मारायचं?”

“तुम्हाला नाही कळणार.”

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. एका छताखाली पाच आठवडे. “त्याला सांग, माझं औषध संपलंय.” “आप्पांना सांग, गाडीत ठेवलंय.” सुमती दोघांच्या मध्ये हेलपाटे घाली. “अहो, मी काय पोस्टमन आहे तुमची?” असे म्हणून हसे. रात्री मात्र विचारी — “बोलाल ना हो त्याच्याशी?” मी कूस बदलत असे.

मार्चमध्ये एका सकाळी ती सिंकपाशी कोसळली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सारे संपले होते.

दहाव्याचा विधी ग्रॅहमच्या शेतातच, नदीकाठी केला. मंदारने मुंडण केले होते; कोवळे डोके उन्हाने लाल झाले होते. गुरुजी पुण्याहून फोनवर सांगत होते. पिंड ठेवला... पण येथे कावळा आहे कुठे? काळे-पांढरे मॅगपाय पक्षी कुंपणावर बसून पाहत राहिले, जवळ आले नाहीत. तास गेला. गुरुजी म्हणाले, वाहत्या पाण्यात सोडा. मंदार थकून गेला होता. “आप्पा, बास झालं आता. मी फाटकापाशी थांबतो.”

मी पिंड उचलला आणि का कोण जाणे, पाण्याकडे न जाता त्या पट्टीकडे गेलो. टर्निप घोट्यापर्यंत वाढले होते आणि एकाही पानाला दात लागलेला नव्हता. ग्रॅहमचीही तीच तक्रार होती. सभोवार खुरांचे ठसे आणि आत एकही नाही.

पिंड ठेवून मी आपल्या रीतीप्रमाणे एकेक सांगू लागलो. तुझे दागिने होणाऱ्या सुनेला देईन. तुझी पूजा चालवीन. तुझ्या भावाला कळवीन. काहीही हलले नाही. तेव्हा जे सांगायचे टाळत होतो ते सांगितले — “सुमती, मी मंदारशी बोलेन. मनात काही न ठेवता बोलेन.”

झाडीतून एक हरिणी आली.

सकाळचे अकरा वाजले होते. वायव्येचा उष्ण वारा माझ्याकडून तिच्याकडे वाहत होता, उदबत्ती जळत होती. ती थेट आली. डावा कान टोकापासून मधोमध चिरलेला. दोन हातांवर थांबून तिने तो तिळाचा भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे परतली. टर्निपला तोंड लावले नाही.

मी गाडीत येऊन बसलो. मंदारने विचारले, “शिवलं कोणी?”

खरे सांगितले असते, तर शिकार सोडावी म्हणून म्हातारा गोष्ट रचतो आहे, असे त्याला वाटले असते... असे मला वाटले. नुकताच कुठे आमचा शब्द फुटत होता. चाळीस वर्षे सत्याचे धडे दिलेला मी म्हणालो, “मॅगपाय.”

“चला, आई सुटली,” तो म्हणाला आणि स्टिअरिंगवर डोके टेकवून रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

एप्रिलमध्ये नर हरणे ओरडू लागतात. त्या हंगामाला येथे ‘रोअर’ म्हणतात. मंदार सकाळी निघाला तेव्हा मी दारात उभा होतो. “जाऊ ना, आप्पा? घरात जीव गुदमरतो.” तेव्हाही सांगता आले असते. मी म्हणालो, “टोपी घाल. डोक्याला थंडी लागेल.”

तो परतला. चहा निवून गेला तरी कप हातातच. “आप्पा, वियर्ड झालं. स्टॅग, म्हणजे नर, आलाच नाही. एक हाइंड, मादी आली, मचाणाखाली येऊन उभी राहिली. मी खाली उतरलो, तरी पळाली नाही. माझ्याकडे चालत आली. इतक्या जवळ... मी का फायर केलं, मलाच कळत नाही.”

त्याने फोनवरचा तिचा फोटो पुढे केला. डावा कान टोकापासून मधोमध चिरलेला होता.

“काय झालं आप्पा?”

“काही नाही,” मी म्हणालो. “चहा गरम करून देतो.”

पुढे मी ग्रॅहमला सहज म्हणून विचारले, वाऱ्यावर माणसाचा वास येत असताना हरिणी दिवसाउजेडी जवळ येईल का? तो हसला. “नेव्हर, मेट. नॉट अ वाइल्ड वन.” त्या पट्टीत पुढे कोणताच प्राणी फिरकला नाही. टर्निप हिवाळ्यात जागेवरच कुजले. मंदारने रायफल विकली. कारण सांगितले नाही, मीही विचारले नाही. आम्ही रोज बोलतो — हवा, औषधे, कचऱ्याची बिन. मनात काही न ठेवता मात्र एकदाही नाही.

दरवर्षी तिच्या तिथीला आम्ही तेथेच पिंड ठेवतो. मी सर्व काही पुन्हा कबूल करतो. कोणी येत नाही. शेवटी पाण्यात सोडून परततो. शास्त्रात याचे उत्तर मी पुष्कळ शोधले. मला ते मिळालेले नाही. ती हरिणी कोण होती हे मी सांगू शकत नाही. कोणी नव्हती असेही म्हणू शकत नाही.

या वर्षी परतताना, फाटकापाशी, मंदारने गाडी सुरू केली आणि पुन्हा बंद केली. समोर पाहतच त्याने विचारले, “आप्पा, तेव्हा दहाव्याला... खरंच कोण शिवलं होतं?”

त्याचे केस कानांपाशी पांढरे झाले आहेत.

“मॅगपाय,” मी म्हणालो.