चौसष्ट खेपांचं वळण

कुइगाक गावच्या झाखारला रिकामी गाडी बघवत नसे.

हे त्याच्या अंगात धक्क्यावर भिनलं होतं. एकतीस उन्हाळे त्याने नदीकाठी तेलाची पिंपं उतरवली. एकेक पिंप दोन माणसांच्या वजनाचं. होडीवरून भरलेलं पिंप ढकलत आणायचं आणि परत जाताना मोकळं घेऊन जायचं. हात हलवत चालणाऱ्याला तो म्हणायचा, "फिरायला आलायस काय रे?" उजवा खांदा गेला तो याच कामात. आता सदुसष्टाव्या वर्षी तो हात कानाच्या वर जात नव्हता, आणि बर्फावरच्या घसरगाडीचा दांडा धरून दहा कुत्र्यांना आवरणं एका हाताचं काम नाही.

म्हणून यंदा गोठलेल्या नदीवरच्या मोठ्या शर्यतीला त्याची कुत्री घेऊन त्याची भाची उतरली होती. ओलिंका. त्याच्या मेलेल्या बहिणीची मुलगी, वय अठ्ठावीस, बोलणं तोडून टाकल्यासारखं. पानगळीच्या दिवसांतच तिने सांगून टाकलं होतं.

"मामा, शर्यत पुरी झाली तर कुत्री मी घेते. इथेच राहते. नाही झाली तर शहरातल्या दवाखान्यात कामाला जाते. त्यांनी जागा धरून ठेवलीय."

"मग कुत्री?"

"तुमच्याच्याने होणार आहे का एकट्याच्या?"

होणार नव्हतं हे खरंच होतं. गावात आता कुत्र्यांची गाडी ठेवणारं हे एकच घर उरलं होतं. बाकी सगळ्यांच्या दारात बर्फावर पळणारी मशिनं.

डिसेंबर सरेपर्यंत ओलिंका शहरात होती, तोवर कुत्र्यांची तयारी झाखारनेच केली. हळू चालायचं आणि दांड्याला दोर बांधून डाव्या हाताने धरायचं, असं जमवलं त्याने. इतर गावांतले लोक रिकामी गाडी जोडून कुत्री नदीवर वर-खाली पळवतात. झाखारला ते पटेना. दहा कुत्री वीस मैल धावणार आणि घरात एक ढलपी येणार नाही? तो रोज त्यांना नदीने वर सहा मैल नेई. तिथे काठावर एक स्प्रूसचं झाड पाण्याकडे कललेलं आहे. त्याच्यापाशी वळून ओढ्यात शिरायचं, आत चार मैलांवर वाळक्या लाकडांचा साठा. तिथे प्रत्येक कुत्र्याला अर्धा सुका मासा. मग गाडी भरायची आणि घर. लाकूड चुलीला, वाफेच्या न्हाणीला आणि दोन म्हाताऱ्या विधवांना. सव्वादोन महिन्यांत चौसष्ट खेपा झाल्या. त्याने दाराच्या चौकटीवर चाकूने खुणा केल्या होत्या.

शेजारचा इनॉक दारात उभा राहून हसायचा. "झाखार, ही शर्यतीची कुत्री आहेत की लाकूडतोडे?"

"तुझ्या मशीनपेक्षा बरी. तेल न पिता लाकूड आणतात."

"मासे खातात की!"

"मासे तुझ्या घरचे नाहीत."

जानेवारीत ओलिंका आली. तिने कुत्री गावाखालच्या अंगाला पळवली, कारण तिकडचा बर्फ घट्ट होता. स्प्रूसच्या झाडाकडे ती गेलीच नाही, आणि झाखारनेही त्या झाडाचा विषय काढला नाही. त्यात काढण्यासारखं त्याला काही दिसलं नव्हतं. शर्यतीची वाट पलीकडच्या काठाने जाते, दरवर्षी.

शर्यत शहरातून सुटते, नदीने एकशे चाळीस मैल वर जाते आणि त्याच वाटेने परत. घरच्या माणसांना मशीनवरून मागे जाता येतं. पण गाडीला हात लावायचा नाही, कुत्र्याला हात लावायचा नाही, वाटेत बोलायचं नाही. थांब्यावर दोरीच्या अलीकडून काय बोलायचं ते बोला. घरच्या माणसाने मदत केली की नाव खोडलं. झाखारला नियम पसंत होता. ज्याचं काम त्याने करावं.

पहिल्या दिवशी इनॉकच्या मशीनवर मागे बसून तो चाळीस मैल गेला. ओलिंका सव्वीस गाड्यांत चौदावी होती. गाडी नीट चालली होती. म्होरकी चायूक, नऊ वर्षांची तपकिरी कुत्री, कान मागे टाकून एका लयीत धावत होती. झाखार इनॉकच्या पाठीमागून पायांच्या पडण्याकडे बघत होता. कुणाचा दोर सैल पडतो ते तो मोजत होता.

"डीझेल आळशीपणा करतोय," तो म्हणाला. "डावीकडचा तिसरा. दोर बघ."

"मला सांगून काय उपयोग?"

"मग कुणाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते वरच्या टोकाच्या थांब्यावर पोचले. तिथे गाड्यांना सहा तास सक्तीची विश्रांती असते. ओलिंकाने गवत पसरलं, कुत्र्यांचे पाय तपासले, गरम कालवण वाटलं. झाखार दोरीशी उभा होता. तिने एकाही कुत्र्याला दुसऱ्याच्या आधी खायला घातलं नाही, पाय तपासताना हातमोजा काढला. सगळं बरोबर होतं. फक्त कुत्री झोपेनात. चायूकने वारा हुंगला, मान वर केली आणि दोरीकडे बघत उभी राहिली. ती उभी राहिली म्हणून बाकीची उठली. झाखार आला म्हणजे मासा येणार, हे त्यांना चौसष्ट वेळा कळलं होतं.

तासभर असंच चाललं. मग ओलिंका दोरीपाशी आली. तिच्या भुवयांवर बर्फ होता.

"मामा, रागावू नका. तुम्ही जा."

"कुठे?"

"घरी. तुम्ही इथे आहात तोवर ती डोळा मिटणार नाहीत. एक तास गेला माझा."

"मी त्या झोपडीमागे बसतो."

"वास येतो हो तुमचा! वारा तिकडूनच आहे." मग जरा मऊ होऊन, "चहा घ्या आणि जा. मी येते."

थांब्याची प्रमुख लूसी शेजारीच होती. तिने झाखारच्या हातात चहाचा पेला दिला. तो त्याने उभ्यानेच संपवला.

मशीनवर बसताना इनॉक म्हणाला, "भाचीने हाकललं मामाला."

"बरोबर केलं तिने. चालव."

रात्र वाटेतल्या एका झोपडीत काढून ते कुइगाकला पोचले तेव्हा उजाडत होतं. झाखारने चूल पेटवली, सुका मासा सीलच्या तेलात बुडवून खाल्ला आणि बाजूला रेडिओ लावला. बातमी तिथे लागली. पलीकडच्या काठाला बर्फावर गुडघाभर पाणी आलं होतं. शर्यतवाल्यांनी परतीची वाट अलीकडच्या काठाला हलवली होती. नव्या खुणा ठोकून झाल्या होत्या. आठ गाड्या तिकडून गेल्याही.

झाखारच्या हातातला मासा तसाच राहिला. अलीकडच्या काठाला म्हणजे स्प्रूसच्या झाडाखालून.

तो इनॉकच्या दारात गेला. "मशीन काढ."

"आत्ता तर आलो!"

"ती झाडाशी वळणार."

"कोण?"

"चायूक. सगळीच. वळून लाकडांपाशी जातील."

"अरे, पण ती तर वरून येतायत. तू खालून न्यायचास."

"कुत्र्याला झाड तेच. कुठूनही या."

निघण्याआधी त्याने रेडिओवर लूसीला गाठलं. ओलिंका थांब्यावरून केव्हाच निघाली होती. मध्ये दुसरा थांबा नव्हता.

"मी ओढ्याच्या तोंडावर फांद्या टाकू का?" त्याने विचारलं.

"नको, काका. वाटेला हात लावलात तर तिचं नाव जाईल. मी आमचा माणूस पाठवते खूण करायला."

"कुठे आहे तो?"

"तीस मैलांवर. पाण्यात मशीन अडकलंय त्याचं."

"मग तो येतच नाही म्हण."

झाखारने रेडिओ ठेवला.

झाडापासून अर्धा मैल अलीकडे बेटामागे मशीन ठेवून ते चालत गेले. इनॉक म्हणाला, "तू ओढ्याच्या तोंडावर नुसता उभा राहा. हात कशाला लावतोस? उभं राहायला कुठे बंदी आहे?"

"मला बघून ती माझ्याकडेच येतील. मी उभा राहिलो की वळण पक्कं."

"मग मी राहतो."

"तू माझ्या घरचा म्हणून नोंदला गेलायस. माझ्यासोबत फिरतोस ना."

इनॉकने शिवी हासडली. दोघे नदीच्या मधल्या उंचवट्यावर, वास कुत्र्यांकडे जाणार नाही अशा बाजूला, विलोच्या झुडपात जाऊन बसले. झाखारने वारा पुन्हापुन्हा बोट ओलं करून तपासला. तेवढंच करण्यासारखं होतं.

दुपार व्हायच्या सुमारास ती दिसली. गाडी तेरावी होती आणि कुत्री चांगली धावत होती. त्यांना झोप मिळाली होती. झाखारला ते पायांवरून कळलं.

चायूक झाडाच्या शंभर हात अलीकडे हलली. आधी कान उभे झाले. मग सगळी गाडी वेगात आली आणि झाडाशी सुईत दोरा ओवावा तशी ओढ्यात शिरू लागली.

"सरळ! चायूक, सरळ!" ओलिंका ओरडली. तिने गाडी रोखायचा आकडा बर्फात रोवला, धावत पुढे गेली, चायूकला गळपट्ट्याला धरून वाटेवर आणलं. मागे येऊन आकडा काढला. चायूक पुन्हा वळली.

झाखारने हातमोजा दातांत धरला होता. एक शब्द पुरला असता. 'नाही' म्हटलं असतं तर ती थांबली असती. नऊ वर्षं थांबत होती.

ओलिंकाने चार वेळा त्यांना वाटेवर आणलं. पाचव्या वेळी म्होरकी बदलली, डीझेलला पुढे लावलं. डीझेल तर तिच्यापेक्षा जोरात वळला. एवढ्यात दोन गाड्या मागून आल्या आणि निघून गेल्या. एकाने ओरडून काहीतरी विचारलं, तिने हात हलवला. मग ती दांड्यावर कपाळ टेकून थोडा वेळ उभी राहिली आणि आकडा काढला. गाडी ओढ्यात दिसेनाशी झाली.

"गेली," इनॉक म्हणाला.

"दिसतंय मला."

दोन तास गेले. त्यांनी एकमेकांत एक कोरडं बिस्कीट वाटून खाल्लं. आणखी सहा गाड्या गेल्या. मग ओढ्यातून कुत्री आली, आणि झाखार झुडपात उभाच राहिला. इनॉकने त्याला ओढून खाली बसवलं.

गाडीवर लाकूड होतं. पूर्ण खेप. तीन थर, वर दोर आडवा-तिडवा.

"ही काय वेडी झाली?" इनॉक म्हणाला.

"नाही. लाकडांपाशी जाऊन ती बसली असणार. मोकळी गाडी ओढायला उठली नसतील. तिने बघितलं आणि भरली. ओझं लागलं, तेव्हा उठली."

"मग झालं की काम! वाटेला लागली."

"घराच्या वाटेला लागली. भरलेली गाडी म्हणजे घर."

शहर कुइगाकच्या पुढे चाळीस मैल होतं, आणि वाट गावाच्या दरडीखालूनच जाते.

इनॉकने डोकं खाजवलं. "ऐक. आपण पुढे जाऊ. गावाच्या खाली मैलभर तू मासा घेऊन उभा राहा. ती तुझ्यामागे येतील. तू मशीनवर पुढे, ती मागे, थेट शहरापर्यंत. कोण बघतंय?"

झाखार तसं करू शकला असता. सकाळपासून करता येण्यासारखी ही एकच गोष्ट होती.

"मग कुत्री पोचतील," तो म्हणाला. "ओलिंका नाही पोचायची."

ते बेटाला वळसा घालून गावात आले. झाखार घरात गेला, दार लावलं, खिडकीला गोधडी अडकवली. कुत्र्यांनी त्याला बघू नये म्हणून. आपण बघू नये म्हणूनही असेल.

त्याने सगळं ऐकलं. दरडीवर चढणारी गाडी. पट्टे सोडायची वाट बघणाऱ्या कुत्र्यांचं कुईकुई. मग लाकूड उतरवल्याचा आवाज, एकेक ओंडका. रचत होती, फेकत नव्हती. मग, "चला! चायूक, उठ! चल गं!" मग काही नाही. पुन्हा, "चला!" असं तीन वेळा, मध्ये बराच वेळ जाऊ देऊन. त्यांना कालवण दिल्याचा वास आला. कुत्री जेवली. जेवून जागच्या जागी आडवी झाली असणार. त्यांचं काम संपलं होतं. दिवसाचं सगळं त्यांनी नेमाप्रमाणे केलं होतं.

अंधारून येताना दारावर थाप पडली.

"मामा, बाहेर या. मी रेडिओवर नाव काढून घेतलं." ओलिंकाचे ओठ फुटले होते. "आता हात लावा."

त्याने डाव्या हाताने एकेकाचे पट्टे सोडले. चायूकने त्याचा हातमोजा हुंगला, मासा शोधला. त्याने दिला. नाही देऊन काय करणार?

"मला सांगितलं का नाहीत त्या झाडाचं?" ओलिंकाने विचारलं.

"वाट तिकडून नव्हती."

"चौकटीवर खुणा करत होतात. मला वाटलं, दिवस मोजताय."

ती आत गेली, बूट न काढताच बाकावर झोपली. झाखारने तिचे बूट काढले आणि चुलीजवळ ठेवले. मग कंदील घेऊन लाकडाची रास बघायला गेला. जाड खाली, बारीक वर, साली वरच्या बाजूला. दोर गुंडाळून ठेवलेला. एकही ओंडका सैल नव्हता. अशी रास तिला कुणी शिकवली नव्हती. लहानपणी बघितली असेल.

मार्चमध्ये ती शहरात गेली. सात कुत्री वरच्या गावातल्या एका माणसाने नेली. तो रिकामी गाडी पळवतो. दोन इनॉकच्या जावयाने घेतली. चायूक राहिली, म्हातारीला कोण नेणार? सकाळी ती उठून घसरगाडीपाशी जाऊन बसते. झाखार तिला तासाभराने आत बोलावतो.

ओलिंकाने आणलेली खेप ठेवून द्यायला इनॉकने सुचवलं होतं. झाखार म्हणाला, लाकूड जाळायलाच असतं. चौकटीवर पासष्टावी खूण मात्र त्याने केली नाही. ती खेप त्याची नव्हती.

अकरा दिवस पुरली ती.