शूटिंगवाल्या बापूंची दोन तोंडांची वायर

बापूंनी हार्ड डिस्कसोबत दिलेल्या वायरीला दोन तोंडं होती. दुसरं जादाचं असेल असं समजून मी ते लोंबकळत ठेवलं.

मंगळवार पेठेतली निम्मी लग्नं बापूंनी शूट केलेली. नवरा-नवरीची नावं ते विसरत. कोण कशावरून रुसलं होतं, ते मात्र बिनचूक सांगत. "तुझ्या ताईचं न्हवं? जावयाच्या मामाला फेटा मिळाला न्हवता," म्हणत त्यांनी डिस्क काढली. तिच्यात दादा होते, आमचे वडील. चालते-बोलते दादा आता तेवढेच उरलेले. वर्षश्राद्धाला आईला त्यांचा आवाज ऐकायचा होता. घरात लग्नाची डीव्हीडी होती, पण ती घालायला घरात भोक उरलं नव्हतं.

बापू डिस्क कानाला लावून तपासत. "घरघर आली म्हंजे बरी हाय. टकटक आली तर उपाशी. उपाशी बैल औताला जुपू नये, मर्दा." मला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

श्राद्धाची जेवणं उरकून पै-पाहुणे लॅपटॉपसमोर बसले. लॅपटॉप नवा, पापडासारखा पातळ. भोक एकच, तेही वेगळ्या आकाराचं. मध्ये जोडणी लावली. डिस्क टकटकली आणि गप्प. काढली, घातली. दिसली, फोल्डर उघडेपर्यंत गेली. पुसली, फुंकली, उलटी धरली. चुलते म्हणाले, "फॅन बंद कर, करंट कमी पडत आसंल." तोही बंद केला. आता सगळेच घामाघूम. आई पदर सावरून पडद्याकडे बघत बसलेली. विसाव्या खेपेला लॅपटॉपनं विचारलं, डिस्क फॉरमॅट करायची का? एवढ्या वेळात त्यानं पहिल्यांदाच काहीतरी सुचवलं होतं. मी 'हो' दाबलं. डिस्क उघडली, पण आत काहीच उरलं नव्हतं.

दुकानात जाऊन मी सगळा दोष लॅपटॉपवर ढकलला. बापू ओरडले नाहीत.

"दुसरं तोंड कुटं लावलंतंस?"

"ते जादाचं..."

"पॉवर घ्यायचं तोंड हाय ते. तुझ्या लॅपटॉपात तिला फिरवायची ताकद न्हाय."

त्यांनी आपला विटेसारखा जुना लॅपटॉप काढला, दोन्ही तोंडं लावली आणि पुसलेलं शोधायला बसले. मी मदतीला वायरीकडे हात नेला, तर म्हणाले, "हात मांडीवर ठेव." आठवडाभर मी रोज जाऊन हात मांडीवर ठेवून बसलो. अख्ख्या लग्नातला एक मिनिटाचा तुकडा हाती लागला: पंगतीत दादा व्याह्यांच्या ताटात जिलबी टाकतायत, "लाजतासा काय, घ्या की."

पुढच्या महिन्यात बापू दुकान बंद करून लेकीकडे, गडहिंग्लजला निघाले. एसटीला जाता जाता आमच्या दारात थांबले. खिशातून दादांचा तो तुकडा भरलेला पेन ड्राईव्ह काढला. मी हात पुढं केला. त्या हाताला वळसा घालून त्यांनी तो आईच्या ओंजळीत ठेवला.

"वैनी, लावायला दुसरं कोण तरी बोलवा. ह्येला नुसतं बघायला बसवा."