संत्र्याच्या वासाची भूल

आमच्या साडूभाऊंनी आजवर निम्म्या अकोल्याला झोपवलेलं आहे, आणि उरलेल्या निम्म्याला ते नुसतं बोलून झोपवू शकतील याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नात्याने ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि पेशाने भूल देणारे डॉक्टर. पेशंट बरा झाला की पेढे सर्जनला, पाया पडणं सर्जनच्या, गावभर कौतुकही सर्जनचंच. भूल कोणी दिली म्हणून विचारलं तर पेशंट डोकं खाजवून म्हणतो, "होता बापा एक जाडा माणूस, पोटात काय हाये म्हणून इचारत होता." साडूभाऊंना याचं जराही वाईट वाटत नाही. "आपल्याले इसरला म्हंजे काम बरोबर झालं," असं ते खुशीत सांगतात.

भूल रिकाम्या पोटी द्यायची असते, त्यामुळे पोटाची ही चौकशी त्यांच्या अंगवळणी पडली आहे. मी अमरावतीहून एसटीत अंग खिळखिळं करून त्यांच्या दारात उतरलो की ते आधी विचारतात, "सकाळपासून काही खाल्लं काय?" मी आशेने "नाही" म्हणतो. "वा, लय चांगलं," म्हणून ते समाधानाने पेपर वाचायला लागतात. मूर्तिजापूरच्या फलाटावर ओळख झालेल्या एका गृहस्थाला त्यांनी हेच विचारलं, तेव्हा त्या भल्या माणसाने आपला डबा उघडून यांच्यापुढे धरला होता. साडूभाऊ स्वतः मात्र पेशंट शुद्धीवर येऊन बोलेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसत. "त्यानं माह्या भरवशावर उपास धरला, मग मी कसा खाऊ?" या प्रश्नावर आमच्या ताईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, फार वर्षांपूर्वीच हात टेकले.

दुसरी खोड गळ्याची. भूल दिल्यावर श्वासाची नळी घालावी लागते, त्यामुळे माणूस भेटला की त्यांची नजर त्याच्या जबड्यावर आणि मानेवर जाते. पंगतीत समोरचा मठ्ठा पीत असला की हे त्याचा गळा निरखत बसतात. माझ्या मुलीला पाहायला वरूडचा मुलगा आला तेव्हा बाकीच्या सोयऱ्यांनी नोकरी, शेती, स्वभाव विचारला. साडूभाऊ खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "तोंड उघडा बरं. मोठ्ठं. आता जीभ काढा." मुलगा गोंधळला, पण त्याने जीभ काढली. साडूभाऊंनी आत डोकावून घरभर ऐकू जाईल असा निकाल दिला, "करून टाका लग्न. नळी एका दमात जाईन!" सोयरीक मोडली असं समजून मी डोळे मिटले. पण मुलाच्या वडिलांना हे काहीतरी मोठं शास्त्र वाटलं आणि त्यांनी आपलाही गळा तपासून घेतला.

या सोयरिकीत आम्हाला जावई मिळाला, साडूभाऊंना सालं मिळाली. जावयाची वरूडला संत्र्याची बाग आहे, आणि साडूभाऊंचं सगळं संशोधन संत्र्याच्या सालावर चाललेलं असतं. लहान मुलांना भूल देताना तोंडावर मास्क धरावा लागतो. त्या प्लास्टिकच्या वासाने मुलं बिथरतात, हातपाय झाडतात, आईच्या नावाने टाहो फोडतात. तो टाहो साडूभाऊंना कधी सहन झाला नाही. वासासाठी बाजारात शिशीतला अर्क मिळतो, पण त्यावर त्यांचा विश्वास नाही. "आपल्याकडचं लेकरू संत्र्यात वाढलेलं हाये. थे शिशीतल्या वासानं फसते काय?" तेव्हा खऱ्या सालाचं तेल काढायचं, आणि तेल मास्कला फासायचं नाही, तर त्याचा वास प्लास्टिकच्या आतच मुरवायचा, म्हणजे मास्कलाच संत्र्याचा वास येईल, असा त्यांचा बेत.

यात अडचण एकच होती. संत्र्याच्या सालाचं तेल ज्याला भेटतं त्याला खातं. ताईंचा कुकर त्यांनी तेल काढायला लावला, तर त्याची रबरी रिंग अशी फुगली की पुन्हा झाकणात बसेना, आणि पुढे कितीतरी दिवस त्या घरात वरणाला संत्र्याचा वास येत होता. एकदा उन्हाळ्यापासून जपलेली तेलाची बाटली त्यांनी सुरक्षित जागा म्हणून महालक्ष्म्यांच्या मखरावर ठेवली. मखर माळ्यावरच्या जुन्या थर्माकोलचं. बाटली पाझरली. आरती सुरू असताना डावीकडचा खांब साखरेसारखा विरघळायला लागला आणि कमान धाकट्या महालक्ष्मीच्या अंगावर झुकली. ताई किंचाळल्या. साडूभाऊ टाळ्या पिटत ओरडले, "पाहा, पाहा! काय झपाट्यानं खाऊन राहिलं!" त्या दिवसापासून त्यांना अकोल्याच्या स्वयंपाकघरात बंदी झाली आणि प्रयोगशाळा आमच्या अमरावतीच्या गच्चीवर आली.

मास्क कधी चिकट व्हायचे, कधी वाकडे, आणि जे धड राहायचे त्यांना वास नसायचा. एका शोधपत्रिकेने त्यांचा या मास्कवरचा लेख परत पाठवताना संत्र्याचं प्रमाणीकरण करा असं कळवलं. "यायले वरूडले आणा अन् झाडाखाली बसवा," असं म्हणून साडूभाऊ चार दिवस गुरगुरत होते.

मग आमच्या नातीचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. पाच वर्षांची पोर. आधी एकदा कपाळाला टाके घालताना तिला चौघांनी दाबून धरलं होतं, तेव्हापासून पांढरा कोट दिसला तरी ती थरथर कापायची. माझी मुलगी म्हणाली, "भूल काकांनीच द्यायची, नाहीतर मी तिला नेणारच नाही." साडूभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरच्या लेकराले भूल देऊ नये म्हणतात, साडूभाऊ. हात कापते." मला आजवर उगाच वाटायचं की या माणसाला भीती ठाऊकच नाही.

मी म्हटलं, "मग तुमचा तो मास्क काढा की." ते एकदम चिडले. "तपासणी न झालेली वस्तू लेकराच्या तोंडावर ठेवू काय?" एवढी वर्षं आमची गच्ची चिकट करून ठेवलेला मास्क कपाटातच राहिला. ऑपरेशनच्या दिवशी ते साधा सदरा घालून आले, खिशात वरूडचं एक संत्रं. पोरीजवळ खाली बसले. "खाता येणार नाही बरं, उपास हाये. पन सोलता येते." दोघांनी मिळून संत्रं सोललं. पोरीने साल दाबून त्यांच्या डोळ्यात तुषार उडवला, ते खोटं खोटं रडले, ती खदखदून हसली. मग सोललेलं संत्रं खिशात ठेवून त्याच हातांची ओंजळ त्यांनी तिच्या नाकाशी धरली. ती वास घेत त्यांच्या कडेवर आत गेली, आणि दारापर्यंत आलेल्या आम्हाला रडण्याचा आवाज आला नाही.

ऑपरेशन नीट झालं. पण पोर डोळे उघडेना. साडूभाऊ म्हणाले, सगळं ठीक हाये, येईन शुद्धीवर. म्हणाले खरं, पण खाटेशेजारच्या स्टुलावरून हलले नाहीत. काचेतून मी पाहत होतो. ते तिच्या श्वासाकडे टक लावून बसले होते आणि त्यांचा हात आपोआप खिशाकडे जात होता, पुन्हा तोंडाकडे. अखेर पोरीने डोळे किलकिले केले. मी आत धावलो. ती आईला हाक मारेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "माझं संत्रं कुठं आहे?"

साडूभाऊंनी रिकामा खिसा चाचपला. त्यांचा चेहरा पडला. "थे मी खाल्लं बापा," ते म्हणाले, "मले लय भेव लागून राहिलं होतं."

आता त्यांनी काम थांबवलं आहे. हात खरंच कापतो. परवा माझ्या पित्ताशयातले खडे काढायचं ठरलं, तेव्हा मी त्यांना फोन केला. भूल दुसरं कोणीतरी देणार, याचं मला फार वाईट वाटत होतं, आणि तसं मी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "मी येऊन बसतो ना बाजूले. तुमी फक्त सकाळपासून काही खाऊ नका."

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

ते हळूच म्हणाले, "मी बी नाही खाणार. म्हंजे, या खेपेले प्रयत्न करतो."